'झालं' म्हणजे नेमकं काय झालं? हेलीन वादळानंतरचे सहा दिवस

आज कोडविषयी बोलणार नाहीये. म्हणजे थोडं येईलच, सवय जात नाही. पण आज सांगायचंय ते हेलीन वादळानंतर नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरात काढलेल्या सहा दिवसांविषयी, आणि त्यातही एका शीटविषयी. साधी शीट, रकाने आणि ओळी. आई फोनवर विचारायची, "अरे, पण तू तिथे केलंस काय नक्की?" मी म्हणायचो, "शीट भरली." पलीकडे दोन सेकंद शांतता. तिला वाटलं होतं पोरगा कुणाला तरी पाण्यातून बाहेर काढतोय.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण अनेकांना प्रश्न पडतो की समुद्रातलं वादळ डोंगरात कसं पोचलं. हेलीन २६ सप्टेंबर २०२४ च्या रात्री फ्लोरिडात पेरी गावाजवळ किनाऱ्यावर आलं, तेव्हा ते चौथ्या श्रेणीचं होतं. तिथून ते झपाट्याने उत्तरेला सरकलं. डोंगरात मात्र त्याच्या आधीपासूनच पाऊस लागून राहिला होता, माती पाणी पिऊन तुडुंब झालेली. त्यावर हे आलं. माउंट मिचेलच्या पायथ्याशी बुसिक नावाची वस्ती आहे, तिथे या सगळ्या पावसाची नोंद ३० इंचांच्या वर झाली, म्हणजे साधारण ७८ सेंटीमीटर. आपल्या घाटमाथ्यावर हा आकडा ऐकून कोणी दचकणार नाही, पण तिथल्या ओढ्यांना आणि उतारांना ही सवय नाही. अ‍ॅशव्हिलमधल्या फ्रेंच ब्रॉड नदीने १९१६ च्या महापुराची पातळी ओलांडली. दरडी कोसळल्या. माळीण आठवतंय ना? तसे उतार, फक्त वस्ती विखुरलेली. एकट्या नॉर्थ कॅरोलायनात शंभराहून जास्त माणसं गेली.

आणि रस्ते. राज्याच्या रस्ते विभागाने सरळ जाहीर केलं होतं की पश्चिम भागातले सगळे रस्ते बंदच आहेत असं समजा. टेनेसीकडे जाणाऱ्या मोठ्या हायवेचा एक भाग नदीत गेला होता. पण माझ्या मते खरी अडचण छोट्या पुलांची होती. तिथे ओढ्यापलीकडच्या घराला जायला घरमालकाने स्वतः बांधलेला पूल असतो. तो कुठल्याच सरकारी यादीत नसतो. तो वाहून गेला की घर बेट होतं, आणि नकाशावर रस्ता अगदी व्यवस्थित दिसत राहतो.

मी शार्लटमध्ये राहतो. मंगळवारी, १ ऑक्टोबरला, मित्राच्या ट्रकमधून पाणी आणि डायपर घेऊन निघालो. पोचवायचं आणि परत यायचं, एवढाच बेत. माउंट मिचेलच्या उत्तरेला एका शाळेच्या जिममध्ये मदतकेंद्र होतं. सामान उतरवताना एका बाईंनी विचारलं, "तुला कॉम्प्युटर येतो का?" मी हो म्हणालो. बस्स. त्या निवृत्त अग्निशमन अधिकारी, वय सत्तरीच्या आसपास, सगळे त्यांना नुसतं 'चीफ' म्हणायचे. मीही तसंच म्हणेन.

जिममध्ये कोण कोण होतं ते ऐका. काउंटीचा आपत्ती विभाग, म्हणजे आपल्याकडच्या तहसील कार्यालयासारखी तीन-चार दमलेली माणसं. गावोगावची स्वयंसेवी अग्निशमन दलं. शेरीफची माणसं. नॅशनल गार्ड. जेवण रांधणारा एक चर्चचा गट. खाजगी हेलिकॉप्टर घेऊन आलेले हौशी वैमानिक. हॅम रेडिओवाले. करवती घेऊन आलेले, कुणालाच न विचारता आलेले शेकडो लोक. आणि खेचरं! चेष्टा नाही, गाडी जात नाही तिथे खेचरांवरून औषधं पोचवणारे लोक होते. प्रत्येकाला काम करायचं होतं, आणि प्रत्येकाकडे स्वतःची यादी होती.

मोबाइल बंद, वीज नाही. शाळेच्या छपरावर एक सॅटेलाइट डिश लावलेली, तेवढंच इंटरनेट. माउंट मिचेलवरचा हॅम रेडिओचा रिपीटर मात्र चालू राहिला होता. २,०३७ मीटर उंचीवरचा, मिसिसिपीच्या पूर्वेकडचं सगळ्यात उंच शिखर, त्यामुळे त्याचा आवाज सगळ्या दऱ्यांमध्ये पोचायचा. पहिले काही दिवस कित्येक घरांचा बाहेरच्या जगाशी संबंध होता तो तेवढाच.

आता शीटकडे येतो. माझ्याआधी कुणीतरी सुरू केली होती. पत्ता, काय हवंय, कोण जाणार, आणि शेवटचा रकाना: 'झालं'. खूण केली की ओळ हिरवी. पहिल्या रात्री मी ती साफसूफ केली, दुबार नोंदी काढल्या, ड्रॉपडाउन टाकले. खुशीत होतो. बुधवारी संध्याकाळपर्यंत अर्ध्याहून जास्त ओळी हिरव्या झाल्या होत्या आणि मी त्या चीफना अभिमानाने दाखवल्या. त्या म्हणाल्या, "छान. यातल्या किती दारांशी माणूस उभा राहिलाय?" मला प्रश्नच कळला नाही.

गुरुवारी कळला. दुसऱ्या राज्यातून एका मुलीचा निरोप आला, तिसऱ्यांदा. तिचे वडील वरच्या एका खोऱ्यात, ऑक्सिजनच्या यंत्रावर, वीज नाही, जनरेटरला पेट्रोल संपत आलेलं. मी शीट पाहिली. ओळ हिरवी. मी हॅमवाल्या आजोबांना म्हटलं, "सांगा त्यांना, झालंय." आजोबांनी माइक उचलला आणि परत खाली ठेवला. म्हणाले, "कोणी केलं?"

शोधायला लागलो. आमच्याकडे ओळ हिरवी झाली होती कारण काम हेलिकॉप्टरवाल्यांना दिलं होतं. हेलिकॉप्टरवाल्यांच्या अ‍ॅपमध्ये ते बंद झालं होतं कारण तिथे उतरायला जागा नव्हती, म्हणून त्यांनी ते अग्निशमन दलाकडे परत पाठवलं होतं. अग्निशमन दलाने फळ्यावरून पुसून टाकलं होतं, कारण त्यांना आमच्याकडूनच कळलं होतं की हेलिकॉप्टर जातंय. तीन याद्या, तिन्हींमध्ये 'झालं', आणि त्या घराकडे एकतीस तासांत कोणीही फिरकलेलं नव्हतं. कोणी खोटं बोललं नव्हतं. प्रत्येकाच्या 'झालं'चा अर्थ होता, 'माझ्या टेबलावरून गेलं'.

दोन तरुण सिलिंडर घेऊन निघाले, अर्धं अंतर छोट्या चारचाकीने, पुढचं पायी. साडेचार तास लागले. ते साडेचार तास मी काय केलं ते विचारू नका. गृहस्थ जिवंत होते. शेजाऱ्याने दोन गाड्यांच्या टाक्यांमधून पेट्रोल नळीने ओढून काढून जनरेटर चालू ठेवला होता. म्हणजे आमच्या यंत्रणेचं यात काडीचंही कर्तृत्व नव्हतं. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण परत आल्यावर आमच्या मंडळाच्या कार्यक्रमात ही गोष्ट 'तंत्रज्ञानाने जीव वाचला' अशी सांगितली गेली आणि मी व्यासपीठावर गप्प बसलो. ते चुकलंच माझं.

त्या रात्री चीफनी मला लॅपटॉप मिटायला लावला आणि कागद पुढे केला. आयसीएस-२१३ नावाचा फॉर्म असतो. वरच्या भागात निरोप, कोणाकडून कोणाला. आणि खाली उत्तरासाठी जागा. उत्तर येईपर्यंत कागद अर्धाच भरलेला दिसतो. आम्ही इंजिनिअर लोक ज्याला हॅन्डशेक म्हणतो, तो त्यांनी कागदावर कधीचा करून ठेवलाय. नेटवर्किंगच्या पेपरात मी यावर दहा मार्कांचं उत्तर लिहिलं होतं, आणि शीटमध्ये मात्र मी तो ठेवलाच नव्हता.

या फॉर्मच्या मागची गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९७० साली कॅलिफोर्नियात वणवे लागले. तेरा दिवसांत १६ माणसं गेली, ७०० इमारती जळाल्या. नंतर चौकशीत लक्षात आलं की माणसं आणि बंब काही कमी नव्हते. प्रत्येक दलाचे शब्द वेगळे, हुद्दे वेगळे, रेडिओ वेगळे, आणि हुकूम कोणाचा ऐकायचा ते कुणालाच ठाऊक नाही. त्यातून 'इन्सिडेंट कमांड सिस्टिम' तयार झाली. तिचे काही नियम इतके साधे आहेत की हसू येतं. एका माणसाचा एकच वरिष्ठ. एकाच्या हाताखाली तीन ते सात माणसं, शक्यतो पाच. आणि अनेक संस्था एकत्र असतील तेव्हा सांकेतिक आकडे वापरायचे नाहीत, साध्या भाषेत बोलायचं, कारण एका दलाच्या आकड्याचा दुसऱ्या दलात अर्थ वेगळा.

मग आम्ही शीट बदलली. 'झालं' हा रकानाच काढून टाकला. त्याच्या जागी चार पायऱ्या: ऐकलं, घेतलं, निघालो, दाराशी. ओळ बंद होणार ती फक्त 'दाराशी' आल्यावर, आणि ज्याने डोळ्यांनी पाहिलं त्याचं नाव आणि वेळ लिहिल्यावर. दुसरं, प्रत्येक ओळीला एकच मालक. काम पुढे दिलं तरी समोरच्याने तोंडाने 'घेतलं' म्हणेपर्यंत मालक तुम्हीच. शुक्रवारी सकाळी जुन्या सगळ्या हिरव्या ओळी परत तपासल्या. बऱ्याच खऱ्या निघाल्या. अकरा नव्हत्या.

सकाळी सात आणि संध्याकाळी सहाला उभ्या उभ्या बैठक. प्रत्येक संस्थेला दोन मिनिटं: तुमच्याकडे काय आहे, काय हवंय, आणि आज तुम्ही काय करणार नाही. तिसरा प्रश्न चीफचा स्वतःचा होता आणि तोच सगळ्यात उपयोगी. कारण मदतीला आलेल्या माणसाला 'नाही' म्हणायला लाज वाटते. जेवणवाले म्हणायचे, "बघतो, घरपोच जमतंय का." दोन दिवस सगळे त्यावर विसंबून. तिसऱ्या प्रश्नाला ते म्हणाले, "घरपोच नाही जमणार." मग खेचरवाल्यांनी डबे घेतले. पाच मिनिटांत प्रश्न सुटला.

आता एक माझ्या आवडीचा प्रकार. अक्षांश-रेखांश. तुमचा फोन दशांशात सांगतो. वैमानिक अंश आणि मिनिटांत बोलतात. जमिनीवरची शोधपथकं 'यूएस नॅशनल ग्रिड' नावाची तिसरीच पद्धत वापरतात. एका चिठ्ठीवर रेखांश होता ८२.३०, पण लिहिताना कुणीतरी टिंब गाळलं: '८२ ३०'. वैमानिकाने वाचलं, ब्याऐंशी अंश तीस मिनिटं. आता ८२.३० अंश म्हणजे ८२ अंश १८ मिनिटं. फरक बारा मिनिटांचा, म्हणजे त्या भागात साधारण १८ किलोमीटर, पलीकडच्या काउंटीत. निघायच्या आधी त्याने परत वाचून दाखवलं आणि नकाशाजवळ उभा असलेला एक स्थानिक पोरगा ओरडला, "तिथे आमच्यातलं कोणी राहत नाही!" मग मी शीटमध्ये सूत्र टाकलं, एक नोंद केली की तिन्ही पद्धती आपोआप. सहा दिवसांत मी लिहिलेला खरा कोड एवढाच. चार ओळी असतील.

सामानाचं थोडक्यात सांगतो. जुन्या कपड्यांचा ढीग, आपल्याकडे महापुरानंतर दिसतो तसाच, आणि तो आवरायला रोज पंधरा माणसं. पाचव्या दिवशी पाण्याच्या बाटल्या ठेवायला जागा नव्हती, आणि चेनसॉच्या साखळीला लागणारं तेल मिळत नव्हतं. ते नसेल तर रस्त्यावरचं झाड हलत नाही. शार्लटमधून मित्राचा फोन, "अजून शंभर खोकी पाणी पाठवतोय." मी म्हटलं, "बाबा, तेल पाठव." त्याला वाटलं खायचं.

अफवांनी मात्र फार त्रास दिला. फेमा तातडीच्या गरजांसाठी ७५० डॉलर देत होती. बातमी फिरली की ते कर्ज आहे, फेडलं नाही तर घर जाईल. साफ खोटं. पण जिममध्ये आलेल्या आजी फॉर्मला हात लावायला तयार नव्हत्या. आम्ही सगळ्यांनी समजावून पाहिलं, उपयोग शून्य. शेवटी त्यांच्याच गावच्या पोस्टातल्या बाईंनी स्वतःचा फॉर्म सगळ्यांसमोर भरला, मग रांग लागली. नंतर ऑक्टोबरच्या मध्यावर धमक्यांमुळे फेमाला काही भागातलं दारोदारचं काम थोडे दिवस आवरतं घ्यावं लागलं. तोपर्यंत मी परत आलो होतो.

रविवारी, ६ तारखेला, शीट तिथल्याच एका गणिताच्या शिक्षिकेकडे सोपवली. पाऊण तास लागला, कारण त्या प्रत्येक उघड्या ओळीवर थांबून विचारत होत्या, "ही आता माझी का?" आणि मी हो म्हटल्यावरच पुढे जात होत्या. एकोणतीस ओळी होत्या. मग मी निघालो. अ‍ॅशव्हिलच्या नळाला पिण्याजोगं पाणी यायला १८ नोव्हेंबर उजाडला. त्या शिक्षिकेचा मेसेज त्याच्या काही दिवस आधी आला होता, एकच शब्द: "दाराशी." मी ओळ क्रमांक विचारला. त्यांनी लिहिलं, "शेवटची."

प्रश्न असतील तर घ्या, माझ्याकडे अजून दहा मिनिटं आहेत.