मागाची खोली



आपली करसल्लागारांची परिषद पैठणला भरते आहे म्हटल्यावर मला विषय शोधावा लागला नाही. इथल्या विणकराच्या घरात बहुतेकदा पहिल्याच खोलीत माग दिसतो. घरातली उजेडाची जागा त्याची, आणि माणसं उरलेल्या जागेत दाटीवाटीनं राहतात. त्या खोलीचा खर्च कुणाच्या वहीत लिहिला जातो, याबद्दल मला आज बोलायचं आहे.

करोनाच्या काळात घरून काम करणारे नोकरदार आपल्याला टेबल-खुर्चीच्या वजावटीबद्दल विचारत. पगारदाराला अशी वेगळी वजावट नाही. त्याला प्रमाणित वजावटीवरच भागवावं लागतं, नव्या करप्रणालीत ती आता ७५,००० रुपये आहे. स्वतःच्या घरी, स्वतःच्या मागावर विणणाऱ्याचं उत्पन्न मात्र धंद्याचं. राहत्या जागेचा काही भाग धंद्यासाठी वापरला, तर भाडं आणि दुरुस्ती त्या प्रमाणात मान्य करावी, असं १९६१च्या कायद्याचं कलम ३८ सांगतं. १ एप्रिल २०२६पासून २०२५चा कायदा लागू. कलमांचे आकडे बदलले, तत्त्व तेच राहिलं.

समजा, घर ६०० चौरस फुटांचं आहे आणि माग, रहाट, रेशीम मिळून २०० फूट अडतात. मग भाड्याचा तिसरा हिस्सा धंद्याचा. विजेला हे गणित लावू नका, मागावरच्या दिव्यांना पोटमीटर बसवायला सांगा. घर स्वतःचं असेल तर स्वतःलाच भाडं दिल्याचं दाखवता येत नाही. घरपट्टी, दुरुस्ती, विमा आणि घसारा यांचा हिस्सा घेता येतो. घसारा घेण्यापूर्वी अशिलाला एक गोष्ट जरूर सांगा: घर पुढे विकलं, तर त्या भागावरचा नफा अल्पमुदतीचा धरला जातो. आणि घर वडिलांचं असेल, तर भाडं खरोखर बँकेतून गेलं पाहिजे, वडिलांच्या विवरणपत्रात ते दिसलं पाहिजे. मार्चअखेरीला लिहिलेल्या भाडेपावत्या आपण हातात घेणं बंद करू या.

तुम्ही म्हणाल, विणकर अनुमानित उत्पन्नाच्या योजनेत, म्हणजे जुन्या कलम ४४एडीप्रमाणे, उलाढालीच्या ८ किंवा ६ टक्के नफा दाखवतो, त्यात सगळा खर्च आधीच धरलेला असतो. शिवाय नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर करच पडत नाही. मग ही मोजामोज कशाला?

मला ती करासाठी नको आहे, मजुरीसाठी हवी आहे. पैठणीची किंमत ठरताना रेशीम मोजतात, जर मोजतात, कारागिराचे दिवस मोजतात. भरजरी पदराची साडी महिनोन्महिने मागावर असते आणि तितके महिने एक खोली त्या कुटुंबाला वापरता येत नाही. ते भाडं कुणीच मोजत नाही. व्यापारी दुकानाचं भाडं किमतीत धरतो, आणि त्यात गैर काही नाही. विणकरानं का धरू नये? २०१९-२०च्या हातमाग गणनेत देशात ३१ लाखांवर हातमाग कुटुंबं आढळली आणि त्यांतल्या कामगारांत बहुसंख्य स्त्रिया. त्यांचं घर हाच त्यांचा कारखाना आहे, हे लिहून ठेवणारा हिशेबनीस त्यांना मिळालेला नाही.

म्हणून माझी विनंती अशी, की आपल्यापैकी प्रत्येकानं या वर्षी एका विणकर कुटुंबाची वही विनामूल्य लिहावी. खोलीचं माप, भाडं, वीज, मागाची दुरुस्ती, आणि साडी मागावर कधी चढली, कधी उतरली, एवढंच त्यात असावं. कर्ज मागायला बँकेत जाताना आणि व्यापाऱ्याशी मजुरी ठरवताना ती वही त्यांच्या हातात असेल. उद्याचं सत्र संपल्यावर ज्यांना सवड आहे, त्यांनी माझ्यासोबत विणकरांच्या घरी यावं. मोजपट्टी मी आणली आहे.