सूर्य सर्वांचा, गायरान कोणाचे?



रात्री उसाला पाणी द्यावयास जाणाऱ्या शेतकऱ्याला बिबट्याचे भय कसे असते, हे राहुरी-संगमनेरच्या श्रोत्यांना सांगावयास नको. म्हणूनच २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली आणि तिचा आरंभीचा प्रयोग आपल्या राळेगणसिद्धीत झाला, तेव्हा तिचे स्वागत करणे प्राप्तच होते. शेतीला दिवसा वीज ही मागणी जुनीच आहे.

परंतु २०२३ च्या सुधारित योजनेतील हिशेब पाहा. खासगी जमिनीच्या मालकाला हेक्टरी वार्षिक १ लाख २५ हजार रुपये भाडे, वर दरसाल ३ टक्के वाढ. ग्रामपंचायतीस ३ वर्षे दरसाल ५ लाख. सरकारी जमीन मात्र नाममात्र भाड्याने! ही जमीन गायरान असेल, तर कुंपण पडताच तेथे चार शेळ्या चारणारी भूमिहीन बाई बाहेर. तिच्याजवळ ना सातबारा, ना पंप; दिवसाच्या विजेने ती काय भिजवणार?

प्रकल्प अडवा, असे मी म्हणत नाही. गायरानाचा ठराव होण्यापूर्वी चराईची पर्यायी जागा नकाशावर दाखवा आणि पंचायतीच्या ५ लाखांतील भूमिहीनांचा वाटा ग्रामसभेत आधी ठरवा. ही दुरुस्ती कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभेतच, लेखी, मांडावी.