मोहफुलांचा भाव, वर्गातला



मी कॉम्प्युटरचा माणूस. नोकरी पुण्यात, आजोळ धारणीत. इथल्या रविवारच्या वर्गात इतिहास, नागरिकशास्त्र आणि अर्थशास्त्र शिकव म्हटल्यावर मी काय केलं असेल? ॲप बनवलं. प्रश्नमंजूषा, गुण, रंगीत तारे. मुलांनी दोन रविवारांत सगळे तारे मिळवले. मग मी विचारलं, ग्रामसभा म्हणजे काय? एक जण म्हणाला, "पर्याय ब."

ॲप बंद केलं आणि कागदाच्या चिठ्ठ्या कापल्या. तुमच्यापैकी बरेच जण आपापल्या मोहल्ल्यात वर्ग घेता, म्हणून त्या चिठ्ठ्यांबद्दल बोलतो.

आमच्या वर्गात अर्धी मुलं दुकानदारांची, बहुतेक आपलीच. अर्धी आसपासच्या गावांतली, कोरकू. खेळ बाजाराचा. आठ जण मोहफुलं विकणारे, दोघं घेणारे. विकणाऱ्याच्या चिठ्ठीवर लिहिलेलं: "वीस किलो मोहफुलं. तेल, मीठ आणि आईचं औषध घ्यायचंय. शेवटची बस साडेचारला." घेणाऱ्याच्या चिठ्ठीवर: "गोडाऊन आहे. आज नाही घेतलं तरी चालेल." भिंतीवर घड्याळ, दर मिनिटाला अर्धा तास पुढे. सुरुवात किलोला 40 रुपयांनी झाली. चार वाजेपर्यंत भाव 22 वर आला होता. आकडे खेळातले आहेत, पण आरडाओरडा अगदी खरा होता.

पहिल्या फेरीत दुकानदारांची मुलं घेणारी होती आणि खूश होती. दुसऱ्या फेरीत मी चिठ्ठ्या उलट वाटल्या. एका व्यापाऱ्याचा मुलगा आता विकणारा. घड्याळात सव्वाचार झाले आणि तो खरंच घाबरा झाला. "सर, बस चुकली तर राहायचं कुठं?" मागणी-पुरवठ्याचा आलेख मी फळ्यावर नंतर काढला. ज्याला घाई आहे त्याचा भाव पडतो, हे त्याला आधीच कळलं होतं.

तिसऱ्या फेरीत विकणाऱ्यांना एकत्र बसून बोलायची मुभा दिली. आठ जणांचा माल एका ढिगात, बोलणारी एकच मुलगी. भाव 34 च्या खाली गेलाच नाही. इथे मी नागरिकशास्त्र आणलं. धारणी आणि चिखलदरा हे तालुके पाचव्या अनुसूचीत येतात. 1996 चा पेसा आणि 2006 चा वनहक्क कायदा यांनी मोहफुलांसारख्या गौण वनोपजावरचा हक्क गावाला, तिथल्या गोळा करणाऱ्यांना दिला. परतवाड्याजवळच्या पायविहीर गावाने सामूहिक वनहक्क मिळवून सीताफळं मुंबईपर्यंत विकली. धारणीतली मुलं म्हणाली, आमची ग्रामसभा कुठे? नाही. तुमची नगरपंचायत आहे. हे ऐकून ती जरा नाराज झाली, आणि मला ते आवडलं.

मग कुणीतरी विचारलं, जंगल आधी कुणाचं होतं? त्यासाठी अंगणात दोरी बांधली. 1853, निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. 1878 आणि 1927, वन कायदे. 1973-74, मेळघाट व्याघ्र प्रकल्प. 2006. प्रत्येकाने आजी-आजोबांना विचारून एकेक आठवण चिठ्ठीवर लिहून आणायची आणि आपल्या जागी टांगायची. 1973 च्या पुढे दोरी चिठ्ठ्यांनी वाकली. 1927 च्या आधी टांगायला कुणाकडेच काही नव्हतं. तो भाग रिकामाच ठेवला आहे.

आता अवघड गोष्ट. माझे मामू मोहफुलं घेतात. खेळाची बातमी त्यांच्यापर्यंत संध्याकाळीच पोचली. "बच्चों को मेरे पीछे लगाने पुने से आया क्या?" मी गप्प. खरं तर माझी इंजिनीअरिंगची पहिल्या वर्षाची फी त्यांनीच भरली होती, आणि ते पैसे कुठून आले हे मी कधी विचारलं नव्हतं.

मी त्यांना वर्गात बोलावलं. येणार नाहीत असं वाटलं होतं. आले. म्हणाले, ओली फुलं वाळली की वजन घटतं, ते नुकसान कोण भरतं? पावसाळ्यात गावात कुणाच्या घरी धान्य संपलं तर रात्री दार उघडून उधार कोण देतो, बँक? दोन्ही मुद्दे खरे होते आणि माझ्या चिठ्ठ्यांत नव्हते. मुलांनी ते लिहून घेतले. मग तिसऱ्या फेरीत सगळ्यांच्या वतीने बोललेली मुलगी उभी राहिली. "काका, तुम्ही आम्हाला भाव विचारता की सांगता?"

मामू थोडा वेळ थांबले. "सांगतो," म्हणाले.

या उत्तराबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. त्यांनी भाव वाढवला का, असं पुण्यातले मित्र विचारतात. नाही वाढवला. मला जेवायला बोलावतात, फक्त मोहफुलांचा विषय दोघंही काढत नाही.

मामूंच्या दोन मुद्द्यांच्या दोन नव्या चिठ्ठ्या आता खेळात आहेत: "माल ओला निघाला" आणि "मागच्या पावसाळ्यातली उधारी बाकी". उधारीची चिठ्ठी आली की एकत्र बसलेले आठ जणही फुटतात, हे प्रत्येक वेळी होतं. त्यावर मुलांना अजून तोड सापडलेली नाही, मलाही नाही.

चिठ्ठ्यांचा संच तिथे टेबलावर ठेवला आहे. घेऊन जा. मोहफुलांच्या जागी तुमच्याकडे कापूस असेल, संत्री असतील, भंगार असेल. भाव आणि बसची वेळ मात्र तुमच्या गावची टाका.