आधी किल्ली काढा
(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेलं भाषण)



मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, म्हणून संयोजकांनी मला कॉम्प्युटरवर बोलायला सांगितलं होतं. त्यांची परवानगी घेऊन मी विषय बदलला आहे. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या दारात जीप, टेम्पो किंवा ट्रॅक्टर आहे. म्हणून मी दुरुस्ती करताना इंजिनात पडलेल्या वायसरबद्दल बोलणार आहे.

इंजिनात हवा नेणारा मॅनिफोल्ड खोलला की हेडची भोकं उघडी पडतात. प्रत्येक भोकाच्या तळाशी व्हॉल्व्ह असतो. नट किंवा वायसर आत पडला आणि तो व्हॉल्व्ह बंद असला, तर पडलेली वस्तू व्हॉल्व्हच्या पाठीवरच बसून राहते. ती काढता येते. पण कोणी सेल्फ मारला, तर व्हॉल्व्ह उघडतो आणि वस्तू खाली सिलिंडरमध्ये जाते. डिझेल इंजिनात हवा सुमारे वीसपट दाबली जाते. पिस्टन वर आला की त्याच्या आणि हेडच्या मध्ये जेमतेम एखाद मिलिमीटरची फट उरते. त्या फटीत पोलादी वायसर सापडला, तर पिस्टन, व्हॉल्व्ह, हेड, काहीही जाऊ शकतं. म्हणजे वायसर पडल्याने फारसं बिघडत नाही. त्यानंतर किल्ली फिरवली की बिघडतं.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी सुट्टीत गावी येत होते. आमची काळी-पिवळी जीप टोकावड्याच्या पुढे बंद पडली. मिस्त्री आले, त्यांनी मॅनिफोल्ड उतरवला. जोडायच्या वेळी त्यांच्या हाताखालचा मुलगा लगेच म्हणाला, "मिस्त्री, वायसर पडला आत."

ड्रायव्हर वैतागला. सीटा भरलेल्या, ऊन चढलेलं. तो म्हणाला, "मारू का सेल्फ? जाईल उडून बाहेर."

मिस्त्रींनी काही न बोलता किल्ली काढून खिशात टाकली. बॅटरीची वायर सोडवली. मग मुलाला विचारलं, "किती होते?" उतरवलेले सगळे वायसर एका डब्याच्या झाकणात होते. मुलाने मोजले. आठांतले सात होते. "कुठल्या भोकात गेला?" त्याने बोट दाखवलं. बाकीच्या भोकांत मिस्त्रींनी फडक्याचे बोळे घातले आणि तेही मोजले. जुन्या स्पीकरमधल्या चुंबकाचा तुकडा तारेला बांधून आत सोडला. तो आतल्या भिंतीलाच चिकटायला लागला, तेव्हा त्यावर सायकलच्या ट्यूबची नळी चढवली आणि फक्त टोक उघडं ठेवलं. तिसऱ्या खेपेला वायसर वर आला. पुन्हा मोजणी झाली. आठ. बोळेही मोजून बाहेर निघाले. मग मॅनिफोल्ड बसला.

तांब्याचा किंवा अ‍ॅल्युमिनिअमचा तुकडा चुंबकाला लागत नाही. त्यासाठी काडीच्या टोकाला घट्ट ग्रीस लावून तो चिकटवून उचलावा लागतो. आता मोबाइलला जोडायचा बारीक कॅमेराही मिळतो, आत बघता येतं. पण साधन कोणतंही असो, आधी तीन गोष्टी लागतात: किल्ली बाहेर, काय पडलं ते नक्की माहीत आणि किती होते त्याचा आकडा. आणि गाडी गिअरमध्ये असेल तर ढकलायचीही नाही. चाकाबरोबर इंजिनही फिरतं.

हा आकडा मोठमोठ्यांना नडतो. १५ मार्च २०२३ रोजी अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या ल्यूक हवाई तळावर एफ-३५ विमानाच्या दुरुस्तीत एक विजेरी राहून गेली. इंजिन चालू केलं आणि त्याने ती आत ओढली. नुकसान जवळपास ४० लाख डॉलरचं. शस्त्रक्रियेसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये जी तपासणी यादी काढली, तिच्यातही पेशंटला बाहेर नेण्याआधी हत्यारं, सुया आणि कापडाच्या घड्या मोजून तसं मोठ्याने सांगायचं, असं आहे. आणि आपल्या वैशाखऱ्याच्या डोक्यावर नाणेघाटात काय आहे? दोन हजार वर्षांपूर्वीच्या सातवाहनांच्या यज्ञांत किती गाई, किती घोडे, किती नाणी दान दिली, त्याचे आकडे ब्राह्मीत कोरलेले आहेत. मोजून लिहून ठेवायचं हे आपल्या मातीत जुनंच आहे. आपल्या बाई प्रयोगशाळेत परीक्षानळ्या मोजून द्यायच्या आणि मोजून घ्यायच्या, तेव्हा आम्ही हसायचो.

माझ्या कामातही हेच होतं. यंत्रणा बंद पडली की कोणीतरी म्हणतं, "बंद करून परत चालू कर." कधी त्याने भागतंही. पण काय बिघडलं त्याच्या खुणा पुसल्या जातात आणि कधीकधी नुकसान वाढतं. मी माझ्या टीममधल्या नव्या मुलांना तो वायसर सांगते.

पण खरं सांगू, त्या दिवशीची सर्वांत मोलाची गोष्ट चुंबकाची नव्हती. ते इंजिन वाचलं, कारण तो मुलगा त्याच क्षणी बोलला. शिव्या किंवा थप्पड मिळणार, अशी भीती असती, तर त्याने गुपचूप खिशातला दुसरा वायसर लावला असता. ड्रायव्हरने सेल्फ मारला असता. कर्जाची गाडी महिनाभर उभी राहिली असती. मिस्त्री त्याच्यावर ओरडले नाहीत. जीप सुरू झाल्यावर एवढंच म्हणाले, "बरं झालं, सांगितलंस."

आज आपल्यापैकी कोणी गॅरेजचे मालक आहेत, कोणी शिक्षक, कोणी साहेब, आणि बहुतेक जण आईबाप आहेत. आपल्या हाताखाली कोणीतरी काहीतरी पाडणारच आहे. ते आपल्याला लगेच कळेल की इंजिन फुटल्यावर कळेल, हे आपण मागच्या वेळी काय बोललो त्यावर ठरतं. तेवढं सांभाळूया.