मामंजींच्या टाकीवरचा दिवा
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



भाषण करायला मी आजवर कधी उभी राहिलेली नाही. माझी शाळा सातवीपर्यंतच झाली, त्यामुळे बोलताना काही चुकले तर सांभाळून घ्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपल्या कार्यकारिणीतल्या दोघीतिघी आमच्याकडे आल्या होत्या. पुढच्या खोलीतली मोठी काचेची टाकी पाहून त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो माशांबद्दल नव्हे. "बाई, एवढा दिवा दिवसभर जळतो, तर बिल किती येतं हो?" त्याच प्रश्नावर चार शब्द बोला असे अध्यक्षीणबाईंनी मला सांगितले. उत्तर एका वाक्यात देता येण्यासारखे नाही, कारण मला ते कळायला एक वर्ष लागले आणि त्यात माझी भिशी गेली.

आमचे मामंजी बोटीवर खलाशी होते. चार वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणेही गेले. आता एखाददुसरा शब्द येतो, तोही अर्धा. ज्या माणसाने सारा जन्म पाण्यावर काढला त्याच्यासमोर रंग उडालेली भिंत आणि तीवरचे कॅलेंडर. तेवढ्यात शेजारच्या इमारतीतले एक कुटुंब बदली होऊन चालले. त्यांची पाच फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच अशी टाकी आमच्या ह्यांनी पडत्या भावात घेतली. साडेपाचशे लिटरच्या वर पाणी बसते, म्हणजे वाळू-दगड धरून सातशे किलोंच्या घरात ओझे. आम्ही तळमजल्यावर राहतो म्हणून बरे. वरच्या मजल्यावर ठेवायची असेल तर आधी इमारतीच्या जाणकाराला विचारावे.

मुलाने हट्ट धरला की साधे मासे नकोत, आजोबांसाठी समुद्रच करायचा, प्रवाळासकट. मोटारी होत्या, पंप होता, दिवा मात्र नव्हता. तो त्या लोकांनी बरोबर नेला होता. दुकानात चौकशी केली तर परदेशी दोन दिव्यांचे लाखाच्या वर सांगितले. टाकीच्या तिप्पट! मी तिथून काही न बोलता घरी आले.

आता दिव्याचे एवढे काय, असे आपणांस वाटेल. मलाही वाटले. प्रवाळ म्हणजे आपण अंगठीत घालतो ते पोवळे, एवढीच माझी समजूत. पण ते तांबडे पोवळे भूमध्य समुद्रात अंधाऱ्या जागी वाढते, त्याला उजेड लागतच नाही. उथळ उष्ण समुद्रातले, आमच्या माहेराकडे मालवणला किंवा लक्षद्वीपला दिसते ते प्रवाळ निराळे. तो प्राणीच आहे, पण त्याच्या अंगात डोळ्यांना न दिसणारे बारीक शेवाळ राहते. ते शेवाळ उजेडावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला मिळतो. म्हणजे टाकीवरचा दिवा ही शोभा नाही, ती त्याची चूल आहे. चूल मंद असली तर तो उपाशी राहतो, फार पेटली तर भाजतो. हे वाक्य मला तेव्हा कुणी सांगितले असते तर पुढचे पाप घडले नसते.

एक गोष्ट इथेच सांगते, कारण आपल्यापैकी पुष्कळजणी कोकणातल्या आहेत. समुद्रावरून प्रवाळाचा तुकडा, जिवंत असो वा मेलेला, उचलून आणू नये. आपल्याकडचे दगडी प्रवाळ २००१ सालापासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीला. मुंबईत किनारी रस्ता करताना हाजीअली आणि वरळीच्या खडकांवरचे प्रवाळसुद्धा २०२० साली परवानगी काढून, सांभाळून दुसरीकडे हलवावे लागले. आमच्याकडे आहेत ते मऊ प्रवाळ, छत्रीसारखे, चामड्यासारखे आणि फुलांच्या गुच्छासारखे. एक मुलगा घरच्या टाकीत त्यांचे तुकडे वाढवतो, त्याच्याकडून आणले. त्यांतल्या गुच्छवाल्यांच्या काही जातींत जहाल विष असते. हातमोजे घातल्याशिवाय मी त्यांना हात लावत नाही, आणि त्यांचा दगड गरम पाण्यात घालणे किंवा घासणे हे तर कधीच करू नये.

दिव्याकडे वळते. पहिली काटकसर मी केली ती अशी. दुकानाच्या पाटीवर लावतात तसले पांढरे एलईडीचे दोन फ्लडलाइट आणले, पन्नास-पन्नास वॅटचे. उजेड लख्ख पडला. महिनाभरात काच हिरवी झाली, दगडांवर केस उगवल्यासारखे शेवाळ वाढले, आणि खाऱ्या वाफेने दिव्याचे स्क्रू गंजले. दोष सगळा दिव्याचा नव्हता, हेही सांगायला हवे. मामंजी डाव्या हाताने माशांना मूठमूठ दाणे टाकत, ते कुजून शेवाळाला खतच मिळत होते. पण तो उजेडही त्या कामाचा नव्हता. समुद्रात तांबडा रंग चारपाच वावांतच विरतो, निळा खोल उतरतो. प्रवाळातल्या शेवाळाला त्या निळ्याची सवय. म्हणून प्रवाळाच्या दिव्यात निळ्या बत्त्या जास्त आणि पांढऱ्या कमी असतात.

दुसऱ्या खेपेला मी भिशीचे पैसे काढले. चिनी बनावटीची काळी पेटी मिळते. तिच्यात पंचावन्न बारीक बत्त्या, दोन बटणे, एक निळ्याचे नि एक पांढऱ्याचे. अशा दोन पेट्या चोवीस हजारांत आल्या. पेटीवर १६५ वॅट लिहिलेले होते. प्लगमध्ये लावायच्या छोट्या मीटरवर पाहिले तर ११०च्या आसपासच ओढते. लिहिलेल्या आकड्यावर जाऊ नये, एवढे तेव्हाच कळले. पण आकडा कमी दिसल्यावर माझ्या मनाने घेतले की उजेडही कमीच असणार. मी दोन्ही बटणे पूर्ण फिरवून ठेवली. पैसे दिले आहेत, तर उजेड पुरा घ्यावा!

चौथ्या दिवसापासून मामंजी मला सारखे हाक मारू लागले. बोट करून "ऊन, ऊन" म्हणत. मी खिडकीचा पडदा ओढला. पुन्हा "ऊन". मी त्यांची खाट जरा बाजूला सरकवली, टोपी दिली. ते रागावले, डाव्या हाताने टोपी फेकून दिली. माझी स्वयंपाकाची घाई, मुलाची परीक्षा. मला वाटले, आजाराने चिडचिड वाढली. असे आठ दिवस गेले. रविवारी मुलगा टाकीसमोर बसला तेव्हा दिसले, सात छत्र्यांपैकी चार पांढऱ्या पडून बटणाएवढ्या आकसल्या होत्या. ऊन मामंजींच्या डोळ्यांवर नव्हते, त्या प्रवाळांवर होते. सगळ्या घरात एकट्या त्यांनाच ते दिसले होते, आणि सांगतही होते. उजेड सोसवेना की प्रवाळ आपल्या अंगातले शेवाळ बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. चारांपैकी तीन विरघळून गेल्या. त्या दिवशी मी मामंजींच्या पाया पडले. त्यांनी बटणाकडे बोट केले, एवढेच.

मग तुकडे देणाऱ्या त्या मुलाने त्याचे उजेड मोजायचे यंत्र आठवडाभर उसने दिले. वनस्पतीला उपयोगी पडणारा उजेड त्याने मोजतात. त्या मापाला 'पार' म्हणतात, आपला वडाचा पार नव्हे. भर दुपारच्या उघड्या उन्हात हा आकडा दोन हजारांच्या आसपास जातो. आपल्या खोलीतल्या ट्यूबलाइटखाली पाचही भरत नाही. आमच्यासारख्या मऊ प्रवाळांना पन्नास ते शंभर-सव्वाशे पुरतो. फांद्याफांद्यांच्या दगडी जातींना दोनशे-तीनशेच्या वर लागतो, आणि महाग दिव्यांची सगळी जाहिरात त्यांच्यासाठी असते. मोबाइलवर उजेड मोजायची सोय असते, पण ती माणसाच्या डोळ्याच्या बेताने केलेली, निळ्याला कमी धरते. तिच्यावर विसंबू नये.

काडी पाण्यात बुडवून आम्ही जागोजाग आकडे घेतले आणि मामंजींच्या औषधाच्या चिठ्ठीमागे लिहिले. बटणे पूर्ण असताना दिव्याच्या बरोबर खाली, वरच्या दगडावर तीनशेच्या पुढे आकडा! जिथे पन्नास पुरत होते तिथे मी सहापट ओतत होते. कोपऱ्यात खाली वाळूवर मात्र चाळीसच. एकाच टाकीत ऊनही आणि सावलीही. हे पाहिल्यावर मला हायसे वाटले, कारण हे काम आपल्याला येते. परसात अळू आपण मोरीकडच्या सावलीत लावतो आणि मिरची उन्हात. तसेच केले. छत्र्या खाली कोपऱ्यांत, गुच्छ मधल्या दगडांवर, चामड्यासारखा मोठा तो सगळ्यांत वर. पेट्या आठ इंचांवरून चौदा इंचांवर टांगल्या, त्यामुळे उजेड पसरला आणि मधला कडकपणा गेला. बटणे वीसवर आणली आणि आठवड्याला पाचपाचने वाढवली. आता निळे साठावर आणि पांढरे वीसवर आहे. त्याच्या वर न्यायची गरज पडली नाही.

म्हणून कुणी विचारले की दिवा कुठला घेऊ, तर मी उलट विचारते, ठेवणार काय? आधी मोठा दिवा आणि मग त्याला शोभेलसे प्रवाळ, या वाटेने गेले की खर्चाला तळ नाही. मऊ जाती ठेवायच्या असतील तर पाच फुटी टाकीला दोन स्वस्त पेट्या पुरतात. एकच मोठी पेटी घेऊ नये, मधे ऊन आणि कडेला काळोख होतो. टी-फाइव्हच्या बारीक नळ्यांचा उजेड फार समरस पडतो, कुठे सावली उरत नाही. तो मला मनापासून आवडला. पण दर वर्षाला नळ्या बदलाव्या लागतात, आणि पाऱ्याच्या नळ्यांचे दिवस भरत आले आहेत. सर्वसाधारण वापराच्या नळ्या २०२७ अखेरपर्यंत बंद करायचे २०२३ साली जिनिव्हाच्या बैठकीत अनेक देशांनी ठरवले. पुढे मिळतील की नाही अशा वस्तूवर घर का उभारावे?

मेटल हॅलाइडचे जुने दिवे कुर्ल्याच्या बाजारात स्वस्तात दाखवले होते, २५०-२५० वॅटचे दोन. इथे तुमचा बिलाचा प्रश्न येतो. आमच्या घराला महिन्याला २३० युनिटे लागतात. टाकीच्या मोटारी-पंखे रात्रंदिवस चालतात, त्यांची ६०. झाली २९०. बिलाची पायरी तीनशेला बदलते हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. म्हणजे दिव्याची वीज जवळजवळ सगळी वरच्या, महाग पायरीवर पडते. ते जुने दोन दिवे आठ तास लावले तर रोजची चार युनिटे, महिन्याची १२०. त्यातली ११० महाग भावाने. माझ्या दोन पेट्या आहेत त्या बटणांवर रोज एक युनिट घेतात. महिन्याची ३०, त्यातली वीसच वरच्या भावाने. स्वस्त दिव्याचे पैसे दुकानात वाचतात आणि बिलात दामदुपटीने जातात. शिवाय त्या हॅलाइडची धग! आपल्याकडे मे महिन्यात टाकीचे पाणी तसेच एकतीसवर जाते, प्रवाळाला चोवीस ते सत्तावीस बरे. आम्ही पाण्यावरून दोन लहान पंखे फिरवतो. पाणी वाफ होऊन जाते आणि दोन-तीन अंश उतरते. जेवढे आटेल तेवढे गाळलेले गोडे पाणी घालायचे, खारे नव्हे, कारण मीठ मागेच राहते.

ज्या एका बाबतीत मी काटकसर केली नाही ती सांगते. वीज, खारे पाणी आणि खाटेवरून उठू न शकणारा माणूस एका खोलीत. वायरमन बोलावून त्या खोलीला तीस मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवून घेतली, अर्थिंग तपासले. प्रत्येक वायरला प्लगच्या खाली झोळ ठेवला आहे, म्हणजे वायरवरून ओघळलेले पाणी झोळातून खाली गळते, प्लगात शिरत नाही. पेट्या छतातल्या हुकांना तारेने टांगल्या, काचेवर टेकवलेल्या नाहीत. दर शनिवारी प्लग काढून ओल्या फडक्याने त्यांच्यावरचे मीठ पुसते आणि कोरड्या झाल्यावरच पुन्हा लावते. या सगळ्याला पेटीच्या निम्म्याने पैसे पडले, आणि आमचे हे कुरकुरले. कुरकुरू देत.

दिवा साडेबाराला लागतो. आधी अर्धा तास नुसता निळा, मग पांढरा, शेवटी पुन्हा अर्धा तास निळा. हे सगळे टायमरवर आहे. आठ तासांहून जास्त ठेवत नाही. पाहुणे आले म्हणून रात्री अकरापर्यंत दिवा जाळला तर प्रवाळाचे काही वाढत नाही, शेवाळाचे मात्र वाढते. पांढऱ्या पडलेल्या चारांपैकी जी एक छत्री वाचली तिला या दिवाळीत बाजूला पिल्लू फुटले. तेही आधी मामंजींनीच पाहिले. ते "दोन" म्हणाले, आणि या वेळी मी हातातली पोळी तव्यावर टाकून धावत गेले.

कुणाला टाकी पाहायची असेल तर दुपारी एकनंतर यावे, सकाळी आलात तर काळोखच दिसेल. मामंजींना भेटायचे असेल तर मात्र साडेआठच्या आत या. निळा दिवा मालवला की ते लगेच झोपतात.