सातला नाव, बाराला पड
(मंदिर जीर्णोद्धार सोहळ्यातील व्याख्यान)



श्री देव रवळनाथाच्या कृपेने आणि सर्वांच्या हातभाराने आज मंदिरावर कळस चढला. गळके छप्पर गेले, चिरेबंदी भिंती उभ्या राहिल्या, सभामंडपात देणगीदारांच्या नावांची फरशी बसली. ती फरशी वाचली तर वरची नावे बहुतेक मुंबई, ठाणे, डोंबिवली, विरार येथे राहणाऱ्यांची आहेत. त्याखाली गावातील घरांची वर्गणी आणि श्रमदान आहे. दोघांचेही आभार समितीने मानलेलेच आहेत.

परंतु सोहळ्याच्या या दिवसांत पंगतीत, पडवीत, रात्रीच्या भजनानंतर एकच विषय पुनःपुन्हा निघाला. "आता मुंबई परवडत नाही. गावी यावे काय?" कोणाची नोकरी संपत आली आहे, कोणाची चाळ पुनर्विकासात गेली आहे, कोणाचे भाडे दर अकरा महिन्यांनी वाढते आहे. विचारणारा हसत हसत विचारतो, पण घरी जाऊन रात्री त्याला झोप येत नाही. म्हणून आजचे चार शब्द याच विषयावर आहेत.

तालुका कचेरीत ज्याचे येणेजाणे आहे त्याला सातबाराचा उतारा ठाऊक असतो. गाव नमुना सातमध्ये जमीन कोणाच्या नावावर ते लिहिलेले असते आणि नमुना बारामध्ये त्या जमिनीत काय पिकते ते लिहिलेले असते. आपल्या गावचे कितीतरी उतारे असे निघतात की सातला नावांची रांग लागलेली आणि बाराला मात्र 'पड'. आजोबा, चुलते, चुलतभाऊ, सर्वांची नावे आहेत. भात नाही, नाचणी नाही. गावाची स्थितीही काहीशी तशीच झाली आहे. मंदिराच्या फरशीवर नावे पुष्कळ आहेत. पण सोहळा आटोपून एस.टी. आणि रेल्वे सुटली की वाडीतल्या कितीतरी घरांना कुलूप लागणार आहे.

गावचा माणूस मुंबईस हौसेने गेला नाही. कावसजी दावर यांनी 1854 साली स्थापन केलेल्या मुंबईच्या पहिल्या कापड गिरणीत 1856 साली उत्पादन सुरू झाले. पुढे परळ, लालबाग, वरळीकडे गिरण्या वाढत गेल्या आणि कोकणातील माणूस तिकडे ओढला गेला. डोंगरउताराची तुकड्या-तुकड्यांची जमीन, पावसाळ्यातील एकच भाताचे पीक, खाणारी तोंडे दहा. पुरुष गावकीच्या खोलीत दाटीवाटीने राहिला, खानावळीत जेवला आणि मनिऑर्डर गावी पाठवीत राहिला. बायको, आईवडील, गुरेढोरे गावी. म्हणजे 'मुंबई की गाव' असा प्रश्न त्या पिढीपुढे नव्हताच. एक पाय इथे, एक पाय तिथे, अशीच ती गृहस्थी होती. 2011 च्या जनगणनेतही सिंधुदुर्ग जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे 1036 आणि रत्नागिरी जिल्ह्यात 1122 स्त्रिया होत्या. कमावता पुरुष बाहेर असल्याची ही खूण होय.

मागील पन्नास वर्षांत मुंबईकर दोनदा मोठ्या संख्येने गावी परतला. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संप रेंगाळला तसे कित्येक जण ट्रंक उचलून गावी आले. त्यानंतर 2020 साली 25 मार्चपासून देशभर टाळेबंदी झाली, तेव्हाही माणसे मिळेल त्या वाहनाने आली आणि अनेक गावी शाळेच्या खोलीत चौदा दिवस राहून मग आपल्या घरात गेली. दोन्ही वेळा गावाने पेजेला कमी केले नाही. मात्र दोन्ही वेळा येणारा ठरवून आलेला नव्हता. संकटाने त्यास आणले होते. संकटात आलेला माणूस वाट मोकळी झाली की परत जातो, कारण उपजीविकेची तजवीज त्याने केलेली नसते. ज्यास खरोखर यायचे आहे त्याने ठरवून, हिशेब मांडून आले पाहिजे.

आता हिशेबाकडे येऊ. नमुन्यादाखल एक चौघांचे कुटुंब धरू. आकडे केवळ समजण्यासाठी आहेत. ज्याने त्याने आपापले घालावेत. मुंबईबाजूस महिना 32,000 रुपये हाती येतात. भाडे 11,000, किराणा, भाजी, दूध, गॅस 10,000, पास व रिक्षा 2,000, शाळा व शिकवणी 4,000, वीज, मोबाईल, औषधपाणी 3,000. एकूण 30,000. शिल्लक 2,000.

तेच कुटुंब गावी आले. भाडे नाही. घरचा तांदूळ थोडाफार धरून किराणा वगैरे 7,500. मोटारसायकलचे पेट्रोल 2,000. शाळा व एस.टी.चा पास 2,000; वीज, मोबाईल, औषध 2,500; आणि कौले परतणे, कुंपण, लग्नकार्य, वर्गणी यांची महिन्याची सरासरी 1,500. एकूण 15,500. खर्च जवळजवळ निम्मा झाला. इथवर ऐकून माणूस खूश होतो आणि लगेच सामान बांधू लागतो.

पण गावी त्यास 12,000 रुपयेच मिळाले तर दरमहा 3,500 तूट येते. मुंबईइतकी शिल्लक राहण्यास 17,500 मिळाले पाहिजेत. शिवाय घरच्या बाईची मुंबईतील कमाई या हिशेबात धरलेलीच नाही. ती शिवणकाम करते, पोळीभाजीचे डबे देते, कोणा कार्यालयात जाते. तो पैसाही बंद होणार. तेव्हा गाव स्वस्त आहे हे अर्धेच खरे. खर्च निम्म्यावर आणि मिळकत तिसऱ्या हिश्शावर, असा सौदा कोणीही करू नये. अंथरूण पाहून पाय पसरावे हे खरे, पण अंथरूणच लहान होणार असेल तर ते आधी कळले पाहिजे.

शहराच्या हिशेबातही काही रकमा लिहिल्या जात नाहीत. रोज येण्याजाण्यात गाडीच्या गर्दीत तीन-तीन तास जातात, त्याची पावती मिळत नाही. चाळीच्या जागी उंच इमारत झाली, खोली मोठी मिळाली, परंतु लिफ्ट, पाणी, देखभाल यांचा दरमहा आकार भरताना निवृत्त माणसाचा जीव मेटाकुटीस येतो. मूळ मुंबईही मुंबईकरांना धरून राहिलेली नाही. मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या 2001 साली 33,38,031 होती, ती 2011 साली 30,85,411 झाली. त्याच दहा वर्षांत आपल्या सिंधुदुर्गाची लोकसंख्या 8,68,825 वरून 8,49,651 वर आली. गिरणगाव सुटले आणि गावही ओस पडला. मधला माणूस कर्जत, कसारा, विरारच्या बाजूस विखुरला.

गावच्या हिशेबातही न लिहिलेल्या रकमा आहेत. पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, तरी एप्रिल-मे महिन्यांत विहिरीचा तळ दिसतो. आंबा-काजूचे उत्पन्न हवामानावर अवलंबून. मे 2021 मधील तौक्ते वादळाने बागांचे काय केले ते सर्वांनी पाहिले आहे. वानर आणि रानडुक्कर शेताचा वाटा आधीच उचलतात. गॅस, तेल, डाळ यांचे भाव गाव म्हणून कमी होत नाहीत. आणि रात्री दोन वाजता छातीत दुखू लागले तर किती मैलांवर कोणता डॉक्टर भेटेल, हा प्रश्न साठीच्या माणसाने भाड्याच्या आधी विचारावा.

यास्तव तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, घरातील सर्वांस विचारावे. बहुधा पुरुष ठरवतो आणि बाईस नंतर कळते. त्यास गाव म्हणजे गणपती, शिमगा आणि ओढ्याचे पाणी आठवते. तिला चूल, सासरची कामे आणि गेलेली स्वतःची कमाई दिसते. दोघांचाही गाव खरा आहे. मुले दहावी-बारावीच्या उंबरठ्यावर असतील तर त्यांचे वर्ष मोडू नये.

दुसरी, एकदम उडी घेऊ नये. एकाने आधी वर्षभर येऊन पाहावे. सुट्टीतले आठ दिवस हा गाव नव्हे. आषाढातील वीज गेलेली रात्र आणि वैशाखातील कोरडी विहीर हाही गावच होय. तोवर मुंबईची जागा विकू नये. मालकीची असेल तर लेखी आणि नोंदणीकृत करार करूनच भाड्याने द्यावी. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने ते आवश्यक आहे. पागडीच्या खोलीत परस्पर पोटभाडेकरू ठेवू नये. हक्क धोक्यात येतो. शिवाय गाव आणि मुंबई यांच्यामध्ये कणकवली, कुडाळ, सावंतवाडी आहेतच. 26 जानेवारी 1998 पासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. तालुक्याच्या ठिकाणी दोन खोल्या घेऊन तिथे काम धरावे, मुलांस शाळा मिळेल, दवाखाना जवळ राहील आणि रविवारी गावच्या घराचे दार उघडता येईल. हा मध्यम मार्ग कमीपणाचा समजू नये.

तिसरी गोष्ट कागदांची. परतण्याची वेळ येते तेव्हा कळते की सातबारावर अजून पणजोबांचे नाव आहे. जमीन महसूल अधिनियम 1966 च्या कलम 149 प्रमाणे वारसाने हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत तलाठ्यांकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे, वर्दी द्यायची असते. इथे तीन पिढ्या उलटल्या तरी ती दिली जात नाही. वारस नोंदीत बहिणींची नावे वगळू नयेत. 2005 च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलीस मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला असून 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने तो अधिक स्पष्ट केला आहे. नाव लपवून केलेली नोंद पुढच्या पिढीस तंटा देऊन जाते. सर्व सहधारक राजी असतील तर कलम 85 प्रमाणे वाटपासाठी तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. घरपट्टी आपण भरतो म्हणून घर आपले, असेही समजू नये. ती कराची नोंद आहे, मालकीची नव्हे. आज सर्व भाऊबंद, बहिणी आणि चुलते एका पंगतीस जेवले आहेत. सह्यांसाठी याहून सोईचा दिवस पुन्हा कधी येईल?

चार शब्द ग्रामस्थांसही सांगितले पाहिजेत. देणगी घेताना 'आमचा मुंबईकर' आणि राहावयास आला की 'हा मुंबईवाला आता आम्हास शिकवणार' असे होऊ नये. परतलेल्यास पाणंद मोकळी असावी, विहिरीवर पाणी असावे, कोणाचे शेत खंडाने मिळावे, कोणाचे वाहन रात्री-अपरात्री मिळावे. तो गवंडीकाम, वायरमनकी, हिशेब, संगणक, काही ना काही शिकून आलेला असतो. त्याचा गावास उपयोग आहे. आणि परतणाऱ्यानेही पहिल्याच ग्रामसभेत गाव सुधारण्यास निघू नये. आधी एक पावसाळा इथे काढावा.

सर्वांनी यावे असे हे सांगणे नव्हे. ज्याची भाकरी मुंबईत आहे त्याने तिथे राहावे, त्यात कमीपणा नाही आणि गावाशी बेइमानीही नाही. त्यांच्याच पैशाने आज हा कळस चढला. मात्र ज्याचा हिशेब जुळतो, ज्याची मंडळी राजी आहेत आणि ज्याचे कागद नीट आहेत, त्याने केवळ 'लोक काय म्हणतील, मुंबईत हरला म्हणतील' या भीतीने थांबू नये. न येणाऱ्यांनीही एक करावे. आपली पड जमीन गावातल्याच कोणास रीतसर लेखी करून कसावयास द्यावी. 2021 पासून ई-पीक पाहणीत शेतावरूनच पिकाची नोंद मोबाईलने होते. कसणाऱ्याने ती नोंद करावी आणि मालकाने उतारा पाहून खात्री करावी. दोन गुंठे नाचणी का होईना, बाराला काही लिहिले जाऊ दे.

मंदिरात उद्यापासून सकाळ-सायंकाळ दिवा लागेल. गुरवांचे घर गावात आहे म्हणून तो लागणार आहे. अशी आणखी चार-दोन घरे पुढच्या शिमग्यापर्यंत उघडली तर जीर्णोद्धाराचे काम पुरे झाले असे म्हणता येईल.

एवढे बोलून हे भाषण पुरे करण्यात येत आहे. श्री देव रवळनाथ इथल्या आणि तिथल्या सर्व लेकरांस सुखी ठेवो.