आमच्या परसातली फुलपाखरे

मानखुर्दचे नाव काढले की लोकांना हार्बर रेल्वे आठवते, खाडीवरचा पूल आठवतो, आणि अलीकडे रोहित पक्षी आठवतात. ठाणे खाडीचा एक भाग 2015 साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून जाहीर झाला. 2022 साली तो रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेला. हिवाळा आला की माणसे दुर्बिणी घेऊन ते गुलाबी थवे पाहायला येतात. जरूर यावे. पण आज मी बोलणार आहे ते आमच्या बैठ्या घरामागच्या परसाविषयी. दहा पावले लांब, सहा पावले रुंद. तिथे दुर्बीण लागत नाही.

या परसात आईने लावलेले कागदी लिंबाचे झाड आहे. काही वर्षांपूर्वी मला बागेचे वेड लागले. रंगीत फुलांच्या कुंड्या आणल्या, टाकळा, घोळ, एकदांडी असे जे म्हणून आपोआप उगवले होते ते सारे खुरपून काढले, आणि जमीन अंगणासारखी स्वच्छ केली. फुलपाखरे येत, घोटभर मध पीत आणि कुंपणावरून निघून जात. मला वाटे, ही जातच चंचल!

त्याच पावसाळ्यात लिंबाच्या कोवळ्या पानांवर पाखरांची शीट पडल्यासारखे डाग दिसले. दोन दिवसांनी पाहतो तो शीट चालते आहे! अळ्या होत्या त्या. आईचे लोणच्याचे झाड. मी औषध आणून फवारले. सगळ्या टपाटप खाली पडल्या. कॉलेजात मी ही मर्दुमकी सांगितली, तेव्हा प्राणिशास्त्र शिकवणारे आमचे सहकारी म्हणाले, “अहो, फुलपाखरं येत नाहीत म्हणून कुरकुर करता, आणि आली तेव्हा विष घातलंत की!”

मी मराठी शिकवतो. सुरवंटाचे फुलपाखरू होते हे मलाही चौथीपासून ठाऊक होते. पण पुस्तकातला सुरवंट आणि आईच्या लिंबावरची अळी यांची गाठ मी कधी घातलीच नव्हती.

त्यानंतर कळले ते असे. फूल ही फुलपाखराची खाणावळ. पाळणा असतो पानावर. आणि तोही वाटेल त्या पानावर नव्हे. लिंबावर वाढणाऱ्या फुलपाखराची मादी लिंबू, कढीलिंब, बेल अशा एका कुळातली झाडे शोधते. फुले कितीही लावा, हे पान नसेल तर ती मध पिऊन पुढे जाणार. 2015 साली महाराष्ट्राने ‘ब्लू मॉर्मन’ या मोठ्या काळ्या-निळ्या फुलपाखराला राज्याचे फुलपाखरू ठरवले. त्याच्या अळ्यासुद्धा लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढतात. म्हणजे मानपत्र आईबापांना आणि फवारा पोरांना, अशी आपली रीत!

पुढच्या वर्षी मी फवारा काढला नाही. पण आईचे काय? तिला लिंबे हवीत, आणि तिचे म्हणणे खोटे नव्हे. लहान झाडाची कोवळी पालवी अळ्या भराभर फस्त करतात. तोड तिनेच काढली. पिळलेल्या लिंबांच्या बिया एका जुन्या डब्यात टोचल्या. रोपे वीतभर झाली, तशा झाडावरच्या अळ्या पानासकट उचलून आम्ही रोपांवर सोडू लागलो. “ह्यांची पंगत निराळी,” असे ती म्हणते.

शिक्षक मंडळींनो, असा एक डबा वर्गाच्या खिडकीत ठेवून पाहा. शिटीसारखी दिसणारी अळी मोठी होऊन हिरवी होते. तिला काडीने हळूच डिवचले तर डोक्यामागून दुभंगलेले शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. (एकदाच डिवचावे, मुलांना हे बजावावे लागते.) मग ती काडीला टेकून अंगाभोवती रेशमाचा एक धागा घेते, माडावर चढणारा माणूस दोरावर मागे रेलतो अगदी तशी, आणि कोष करते.

पाळण्याचा शोध लागल्यावर मी खुरपेही आवरते घेतले. टाकळ्यावर छोटी पिवळी फुलपाखरे अंडी घालू लागली. आणि घोळीने तर मला पुरते चकवले. कुंपणाशी रुई आहे, शनिवारी मारुतीला जिच्या पानांचा हार घालतात ती. तिचा विषारी चीक पचवून एक नारिंगी फुलपाखरू वाढते. ते बेचव म्हणून पाखरे त्याच्या वाटेस जात नाहीत. एकदा हेच फुलपाखरू घोळीच्या पानाखाली अंडे घालताना दिसले. रुईवाल्याचे घोळीत काय काम? पुन्हा सहकाऱ्यांना गाठले. ते म्हणाले, ही दुसऱ्याच जातीची मादी. तिच्या अंगी विष नसते, ती नुसता रुईवालीचा वेष घेते. तिचा नर मात्र काळा, त्यावर जांभळ्या झळाळीचे पांढरे ठिपके. दोघांना शेजारी बसवले तर कोणी नवरा-बायको म्हणणार नाही. तेव्हापासून आई घोळीची भाजी खुडताना पाने उलटी करून बघते.

इंग्लंडातल्या लेस्टर शहरात जेनिफर ओवेन या बाईंनी स्वतःच्या घराच्या बागेत 1972 पासून 30 वर्षे नोंदी ठेवल्या. झाडे, किडे, पाखरे मिळून अडीच हजारांहून अधिक जाती! बाग साधीच, भाजीपाला नि फुलांची. आपल्याकडेही ही परंपरा आहे. साताऱ्यात 1851 साली जन्मलेले एडवर्ड एटकेन मीठ व जकात खात्यात नोकरी करीत आणि बंगल्याच्या आसपासच्या जीवजंतूंवर ‘एहा’ या सहीने लिहीत. 1883 साली मुंबईत नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्या आठ जणांत ते होते.

माझी वही इतकी थोर नाही. दोनशे पानी, किराणा दुकानातली. गेल्या श्रावणातले एक पान वाचतो: “सकाळी पाऊस. तेरड्याला पहिले फूल. डब्यात सात अळ्या. काल नऊ होत्या, दोन बहुधा बुलबुलाने नेल्या. एक कोष काळा पडला होता, साडेआठला फुटला. पंख वाळेपर्यंत ते काडीलाच लोंबत राहिले. माझी गाडी चुकली. आईने लिंबे मोजली, बावीस.”